मुखत्याराचा मेहनताना

मुखत्यार म्हणून दस्त नोंदवायला गेलेल्या माणसाकडून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक घोषणापत्र घेतात. ज्याने मला अधिकार दिला तो हयात आहे, त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, ते आजही वैध आहे, आणि यातलं काही खोटं निघालं तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली मी शिक्षेला पात्र राहीन, असा त्याचा मजकूर. ही शिक्षा ७ वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. समजा, भाऊ न्यू जर्सीत, बहीण पुण्यात कोथरूडला. फ्लॅट भावाचा, पैसे भावाच्या खात्यात जाणार, आणि या घोषणापत्राखाली सही मात्र बहिणीची. कॅमेऱ्यासमोर तिचा फोटो निघतो, यंत्रावर तिचा अंगठा उमटतो. त्यासाठी तिने ऑफिसात रजा टाकलेली असते आणि रिक्षाचे पैसे कुठे लिहूनही ठेवलेले नसतात.

या कामाचे तिला किती पैसे मिळायला हवेत, हे आपल्या घरांमध्ये सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर बोलणं तिथेच थांबतं. ‘बहीणच आहे ती, तिला कसले पैसे द्यायचे?’ असं भाऊ म्हणतो, आणि बहुतेक वेळा बहीणही तेच म्हणते. मला हे पटत नाही. हा प्रश्न विचारायलाच हवा आणि काम सुरू होण्याआधी विचारायला हवा. त्याचं उत्तर मालमत्तेच्या किमतीवरून काढू नये. किती वेळ गेला आणि किती जोखीम अंगावर घेतली, यावरून काढावं.

कायदा याबाबत काय म्हणतो ते आधी पाहू. मुखत्याराचं नातं मुख्यतः १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातल्या एजन्सीच्या प्रकरणाखाली येतं. कलम १८५ सांगतं की एजन्सी निर्माण व्हायला मोबदला लागत नाही. फुकट काम करणारा मुखत्यारही पुरा मुखत्यार असतो. काळजी घेण्याची, सूचना पाळण्याची, मागितला की हिशेब देण्याची सगळी कर्तव्यं त्याच्यावर तशीच राहतात. मात्र मेहनताना ठरलेला असेल तर मालकासाठी हातात आलेल्या रकमेतून तो वळता करून घ्यायची मुभा कलम २१७ देतं, आणि कामात लबाडी केली तर त्या कामाच्या मेहनतान्यावरचा हक्क कलम २२० काढून घेतं. शेजारचे कायदे पाहिले तर फरक दिसतो. विश्वस्ताला, वेगळं काही ठरलं नसेल तर, आपल्या श्रमाचे आणि वेळेचे पैसे मागता येत नाहीत, असं १८८२ चा विश्वस्त कायदा स्पष्ट म्हणतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला किती द्यायचं ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालय ठरवतं. मुखत्याराच्या बाबतीत कायद्याने ही गोष्ट दोघांच्या बोलण्यावर सोडली आहे, आणि आपण नेमकं तेच बोलणं टाळतो.

टाळण्याची किंमत पुढे कळते. काहीच ठरलेलं नसताना केलेल्या कामाचे पैसे मागायला करार अधिनियमाचं कलम ७० आहे, पण त्याची अट अशी की काम फुकट करायचा इरादा नव्हता हे दिसलं पाहिजे. सात-आठ वर्षं ‘असू दे रे, माझंच घर आहे’ म्हणत आलेल्या बहिणीने हे कशाच्या आधारावर दाखवायचं?

‘विनामोबदला’ या शब्दानेही घोटाळा केला आहे. विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र जवळच्या नातलगाला मोबदल्याशिवाय दिलं तर महाराष्ट्रात ५०० रुपयांच्या मुद्रांकावर भागतं. मोबदला घेऊन दिलं तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क बसतं. ही तरतूद योग्यच आहे, कारण मुखत्यारपत्राच्या आडून जमिनी आणि फ्लॅट विकायची पद्धत देशभर बोकाळली होती आणि अशा कागदाने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगावं लागलं. म्हणून वकील मसुद्यात ‘विनामोबदला’ घालतात. पण तो शब्द मिळकतीच्या किमतीबद्दल आहे. घरातली माणसं त्याचा अर्थ घेतात की करणाऱ्याचे कष्टही विनामोबदला. मेहनतान्याचं पत्र वेगळं करावं, त्यात कामाचे पैसे असं साफ लिहावं आणि वकिलाच्या नजरेखालून घालावं.

आता हे कष्ट असतात तरी काय? परदेशातल्या माणसाला वाटतं की मुखत्यार म्हणजे एक सही. मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित होऊन किंवा अपोस्टिल होऊन कुरियरने येतं; भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पहिला हेलपाटा इथूनच. मग सोसायटीचं ना हरकत, त्यासाठी थकलेला मेंटेनन्स, त्यासाठी जुन्या पावत्या. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव. घरपट्टी वेगळ्याच नावावर. गिऱ्हाईक आलं की कुलूप उघडायला जायचं, पंखे फिरतात का ते दाखवायचं, आणि ‘शेवटचं काय’ हा प्रश्न रात्री साडेदहाला न्यू जर्सीला फोन लावून विचारायचा. विक्रेता परदेशी राहणारा असेल तर खरेदीदाराला सर्वसाधारण १ टक्क्याच्या हिशेबाने करकपात करता येत नाही. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून काढावं लागतं, नाहीतर मोठी रक्कम अडकून बसते. सीए ते काढून देतो, पण सीएला लागणारे कागद जमवून कोण देतं? आणि कागद वेळेवर आले नाहीत म्हणून खरेदीदार बिथरला तर त्याची समजूत कोण काढतं?

कोकणातल्या जमिनीचं काम याहून चिवट. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी गेलेल्यांची. कुणाची मुलगी वापीला, कुणाचा नातू डोंबिवलीला. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचे दाखले, फेरफाराच्या नोटिसा. मोजणीची तारीख लागली की भूकरमापक यायचा त्या दिवशी बांधावर उभं राहायला माणूस हवा, आणि शेजारचा हरकत घेणार असेल तर चार शब्द बोलणारा हवा. हे सगळं गावात राहिलेला चुलतभाऊ करतो. मुंबईची मंडळी मे महिन्यात येतात, आंबे नेतात, आणि ‘कलमांचं उत्पन्न तो खातोच की’ म्हणतात. खात असेलही. पण उत्पन्न किती आणि काम किती, हे दोन्हीकडच्यांनी एकदाही समोरासमोर मांडलेलं नसतं. त्यामुळे तो मनातल्या मनात स्वतःला लुबाडला गेलेला समजतो आणि हे त्याला लबाड समजतात. असे संबंध एकाच पिढीत कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत.

मेहनताना द्यायचा म्हटलं की पहिल्यांदा टक्केवारी सुचते. दलाल दोन टक्के घेतो, मग बहिणीला एक देऊ. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने तर मुखत्याराच्या मेहनतान्याची टक्केवारी नियमांतच घालून ठेवली आहे: आलेल्या रकमेवर ३ टक्के, गेलेल्या रकमेवर ३ टक्के, आणि सांभाळलेल्या मालमत्तेच्या वर्षाच्या सरासरी किमतीवर ०.६ टक्का. मुखत्यारपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हा दर लागू. याचा मोठा गुण म्हणजे वाद नको असेल तर एक आकडा तयार असतो. इंग्लंडात उलट आहे. तिथे नात्यातल्या मुखत्याराला पदरचा खर्च परत मिळतो, पण कागदात लिहिल्याशिवाय श्रमाचे पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वेगळं ठरलं नसेल तर ‘वाजवी’ मेहनताना मिळतो, आणि वाजवी म्हणजे किती हे पुन्हा बोलूनच ठरवायचं.

मला ओंटारियोची टक्केवारी आपल्याकडे आणावीशी वाटत नाही. समजा कोथरूडचा फ्लॅट दीड कोटीला गेला. आलेल्या रकमेवरचे ३ टक्केच साडेचार लाख होतात. दुसरीकडे राजापूर तालुक्यातली जमीन ५ लाखांना गेली. त्याचे ३ टक्के १५ हजार. फ्लॅटच्या कामाला समजा ८० तास लागले आणि जमिनीच्या कामाला, वारस नोंद आणि मोजणी धरून, २०० तास. अडीच पट राबलेल्या माणसाला तिसाव्या हिश्श्याचा मेहनताना, याला हिशेब म्हणायचं कसं? शिवाय टक्केवारीने मुखत्याराचं हित विक्रीला बांधलं जातं. घर विकू नये, भाड्याने द्यावं, दोन वर्षं थांबावं, असा सल्ला मालकाच्या भल्याचा असला तरी टक्केवारीवरच्या माणसाच्या तोंडून तो सहज निघणार नाही. दलालाने विक्री घडवावी हे ठीक, त्याचं कामच ते. मुखत्याराने मालकाच्या जागी उभं राहून विचार करायचा असतो.

याच ओंटारियोत न्यायालयं टक्केवारीवर आंधळेपणाने थांबत नाहीत. १९०५ च्या एका जुन्या निकालातल्या पाच कसोट्या तिथे अजून लावल्या जातात: मालमत्ता केवढी, काळजी आणि जबाबदारी किती, वेळ किती गेला, कौशल्य किती लागलं, आणि काम कितपत तडीला गेलं. या पाचांतल्या मधल्या तिन्हींवर भर द्यावा, असं माझं मत.

तासांचा दर कसा लावायचा? बहीण डॉक्टर असली म्हणून सोसायटीच्या ऑफिसात बसलेल्या तासाला डॉक्टरच्या फीचा दर लागत नाही, आणि ती घरी असते म्हणून तो तास फुकटही होत नाही. तेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर काय पडलं असतं, हा दर. कामाचे दोन भाग पडतात. रांगा, अर्ज, कुलूप-किल्ली, बँकेतल्या फेऱ्या हा एक भाग. किंमत ठरवणं, वकील निवडणं, मसुदा वाचणं, कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं ते ठरवणं हा दुसरा, आणि त्याचा दर जास्त. पहिल्याला तासाला ४०० आणि दुसऱ्याला १,००० रुपये धरले, तर फ्लॅटच्या ८० तासांतले ५० पहिले आणि ३० दुसरे मिळून ५० हजार होतात. जमिनीच्या २०० तासांतले १६० आणि ४० धरले तर १ लाख ४ हजार. दर मी उदाहरणापुरते घेतले आहेत. गावाप्रमाणे ते बदलतील. कामासाठी बिनपगारी रजा पडली असेल तर ते नुकसान वेगळं भरून द्यावं. प्रवास, झेरॉक्स, कुरियर, नोटरी हा तर निव्वळ खर्च. तो मेहनतान्यात मिसळू नये. खर्च परत केला म्हणजे पैसे दिले, असं समजणारे भाऊ पुष्कळ आहेत.

५ लाखांच्या जमिनीवर १ लाख ४ हजार मेहनताना जड वाटतो, आणि तो आहेच. इथे किमतीला जागा आहे, पण ती मर्यादा घालण्यापुरती. काम हाती घेण्याआधी चुलतभावाने सांगायला हवं, ‘दादा, या जमिनीला इतके हेलपाटे पडतील, तुला परवडेल का?’ मग दादाने ठरवावं की काम पुरं करायचं, नुसती वारस नोंद करून थांबायचं, की जमीन त्यालाच रास्त भावात द्यायची. आज हा निर्णय होत नाही, कारण राबणाऱ्याचा तास शून्य रुपयांचा धरल्यामुळे कुठलंही काम परवडतंच.

जोखीम मात्र तासांत मोजता येत नाही. सही पाच मिनिटांची, पण पुढे खरेदीदाराशी वाद झाला तर नोटीस पुण्यातल्या पत्त्यावर येते. म्हणून प्रत्येक नोंदणीकृत दस्तामागे एक ठोक रक्कम ठरवावी आणि पत्रात लिहावं की या कामातून पुढे कज्जा उभा राहिला तर त्याचा खर्च मालकाने सोसायचा. कायदेशीरपणे केलेल्या कामाच्या परिणामांपासून मुखत्याराला सांभाळायची जबाबदारी करार अधिनियमाच्या कलम २२२ ने मालकावर टाकलेलीच आहे. पत्रात लिहिल्याने ती भावाच्या नजरेखालून जाते, एवढंच.

हे सगळं वाचून कुणी भरताचं नाव घेईल. चौदा वर्षं पादुका ठेवून राज्य सांभाळलं, मोबदला मागितला का? नाही मागितला. पण वाल्मीकी रामायणात राम परतल्यावर भरत काय करतो ते पाहावं. तो राज्य परत करतो आणि कोश, कोठार, नगर, सैन्य पाहून घ्या म्हणतो. हे सगळं तुमच्या तेजाने दसपट केलं आहे असं सांगतो. म्हणजे तो हिशेब देतो. आपण भरताचा त्याग घेतो आणि हिशेब सोडून देतो. शिवाय राजघराण्यातल्या भावाचा दाखला बँकेच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या बहिणीला लावणं योग्य नाही. आपल्याच इतिहासात दुसऱ्याच्या शिक्क्याने कारभार पाहणाऱ्या मुतालिकांना पगाराच्या नेमणुका होत्या, आणि त्या घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

माझ्या मते मेहनताना आणि हिशेब यांची गाठ पक्की आहे. फुकट काम करणाऱ्याकडे हिशेब मागायला मालकाला संकोच वाटतो. ‘इतकं करून वर तू मला पावत्या मागतोस?’ हे वाक्य मराठी घरांत फार वेळा बोललं गेलं आहे, आणि बोलणाऱ्याची वेदना खरी असते. पैसे दिलेल्या माणसाकडे हिशेब मागण्यात अपमान नाही. एक साधी वही असावी: तारीख, काम, गेलेला वेळ, झालेला खर्च. दर महिन्याला तिच्या पानांचे फोटो सगळ्या भावंडांना पाठवावेत. मेहनतान्याची रक्कम मुखत्याराने स्वतःच ठरवून स्वतःच्याच हाताने काढून घेऊ नये, सही करायचा अधिकार असला तरी. ज्याचा पैसा त्याने, आणि तो थकलेला असेल तर दुसऱ्या भावंडाने, आधी लेखी होकार द्यावा. पैसे दिले तर लोभी माणसं या कामाला येतील अशी भीती काहींना वाटते. लोभी माणूस फुकटही येतो. चेकबुक हाती असताना फुकट काम करायला तो फार उत्सुक असतो.

इथे मला मुलींबद्दल बोलायचं आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, पण आईवडिलांच्या म्हातारपणी बँक, औषधं, हयातीचा दाखला, भाडेकरू हे सगळं जवळ राहणारी मुलगी बघते, आणि शेवटी हक्कसोडपत्रावर सही करायलाही तीच येते. बदल्यात भाऊबीजेला एक चांगली साडी. साडी घ्यावी, ती ओवाळणी आहे. पण ओवाळणीने पाच वर्षांच्या मुखत्यारकीची फेड होते असं म्हणणं हा अन्याय आहे, आणि प्रेमाच्या नावाखाली होतो म्हणून तो लहान ठरत नाही. आईला अंघोळ घालणं, रात्री उठून पाणी देणं हे मुखत्यारकीचं काम नव्हे. त्याचा हिशेब या वहीत नको. ती शुश्रूषा आहे आणि तिच्याबद्दल भावंडांनी वेगळं बोलावं. दोन्ही एकत्र केली की कागदाचं कामही सेवेत जमा होतं आणि दोन्हींची किंमत शून्य होते. ‘घर तुझ्याच नावावर करणार आहे’ हे तोंडी आश्वासन तर मेहनताना म्हणून कधीच धरू नये. आईवडिलांनी खरोखर बक्षीसपत्र केलं तर सांभाळण्याची अट त्यात लिहावी. अट मोडली गेली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं.

एक धोका मात्र बहुतेकांना ठाऊकच नसतो. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपतं, हे लोकांना माहीत असतं. त्याची समज गेली तरी करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं, हे माहीत नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या नावाने मुलगी वर्षानुवर्षं सह्या करत राहते, चांगल्या हेतूने, आणि प्रत्येक सही बिनअधिकाराची होत जाते. इंग्लंडात १९८६ पासून समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने कोमातल्या रुग्णांसाठी २०१९ मध्ये याची तत्त्वं आखून दिली. आज मुखत्याराला दिला जाणारा मेहनताना समज जाते त्या दिवशी थांबतो आणि पुढचा न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे ठरतो. मेहनतान्याच्या पत्रात हेही लिहून ठेवावं, म्हणजे अधिकार संपल्यावरही ‘पैसे मिळतात म्हणून सह्या केल्या’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

ज्या घरांत काम आधीच होऊन गेलं आहे आणि काही ठरलेलं नाही, त्यांचं काय? विक्रीचे पैसे वाटले जाण्याआधी बसावं. रजेचे अर्ज, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप, दस्तांवरच्या तारखा यांवरून तासांचा अंदाज निघतो. अगदी तंतोतंत नाही, पण सांगोवांगीपेक्षा बरा. काम करणाऱ्याने आधी आकडा सांगू नये. परदेशातल्या भावाने सांगावा, कारण तोंड उघडायचं अवघडपण त्याच्या वाट्याला यायला हवं. बहिणीने ‘मला नको’ म्हटलं तर तिचा तो हक्क आहे, पण तेही रकमेसकट लिहून ठेवावं, म्हणजे तिने नेमकं किती सोडलं ते तिच्या भाच्यांना दिसेल. आणि ती ‘हो’ म्हणाली तर वाटपाच्या कागदावर हिस्से पाडण्याआधीची पहिली ओळ तिच्या मेहनतान्याची असावी. उरलेल्या रकमेत तिचा हिस्सा इतरांइतकाच, पुरा.